उलटा चिकटवलेला वाढीचा तक्ता

तुम्ही कधी कोणाचं वजन वाढलं म्हणून टाळ्या वाजवल्या आहेत का?

आम्ही अंगणवाडीवाल्यांनी जन्मभर तेच केलं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आढ्याला काटा टांगायचा, झोळीत एकेक लेकरू बसवायचं. ते भोकाड पसरतं, काटा झुलतो, आणि मागच्या महिन्यापेक्षा थोडं जरी जास्त भरलं तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आईला बरं वाटतं, लेकरू रडायचं विसरतं. तेलंगणातल्या बेला मंडलात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या गावात मी पुष्कळ वर्षं टीचर होते. एवढ्या वर्षांत हसण्यासारख्या गोष्टी किती जमल्या याचा हिशोब नाही. तांदळाच्या पोत्यात सोंडे होतात तशा त्या होतात. कोणी टाकत नाही, पण पोतं उघडलं की असतातच.

त्यातल्या निम्म्या आमच्या रमा मॅडमच्या आहेत. त्या आमच्या सुपरवायझर, पंचवीस केंद्रं त्यांच्याकडे. मी लिहू का म्हणून विचारलं तर त्या म्हणाल्या, "लिही की सुमन. माझं वजन साऱ्या मंडलानं पाहिलं, आता लपवायचं काय राह्यलं?"

तर आधी मूळ गोष्ट सांगते. तेलंगण वेगळं व्हायच्या आधीची. मॅडमचं वजन एकशे अठरा किलो होतं, साखरेचा आजार होता, जिना चढवत नव्हता. हैदराबादला जाऊन त्यांनी पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. वजन उतरत उतरत बहात्तरवर आलं, साखरेच्या गोळ्या सुटल्या. त्या काळात एक पेढा खाल्ला तरी त्यांना घाम फुटायचा, छाती धडधडायची, त्यामुळे गोड आपोआप बंद झालं होतं. पुढे शरीर सरावलं, पेढा मुकाट्यानं पचायला लागला. सातव्या वर्षी वजन ब्याण्णव झालं आणि साखर परत आली.

डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिन्यांत पाच किलो कमी करा आणि साखर काबूत आणा. नाही जमलं तर दुसऱ्या ऑपरेशनचा विचार करावा लागेल.

पहिल्या वेळी मॅडम बावीस दिवस खाटेवर होत्या. पोटात नळी, तोंडात पाण्याचा थेंब नाही. घरी परत जाऊ की नाही अशी वेळ आली होती. हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं आणि म्हणाल्या, "त्या खाटेवर मला परत नाही जायचं."

दिवाळी नुकतीच झाली होती. संक्रांतीनंतर हैदराबादला जायचं होतं.

* * *

मॅडम राहायच्या बेल्यालाच, पण तिथल्या केंद्रात वजन केलं तर अर्धं गाव दारात उभं राहतं. म्हणून दर सोमवारी त्या तीन किलोमीटरवर आमच्या गावात यायच्या. आमच्याकडे गरोदर बायांसाठी उभं राहायचा काटा होता.

आमच्या केंद्राची आया म्हणजे गिरजाबाई. वयाने माझ्या आईएवढी, अक्षरओळख नाही, पण काट्यावरचा आकडा बरोबर वाचणार. पहिल्या सोमवारी ब्याण्णव भरलं. दुसऱ्या सोमवारी काटा साडेब्याण्णववर गेला आणि गिरजाबाईंनी सवयीनं कडाडून टाळ्या वाजवल्या. त्यांचं पाहून वीस लेकरांनी वाजवल्या. मॅडम काट्यावर उभ्या, आणि खाली हा जल्लोष.

"गिरजाबाई, मला कमी करायचं आहे."

"हो नं व माय," गिरजाबाई म्हणाल्या, पण हात थांबायला आणखी थोडा वेळ लागला.

* * *

मोठ्या माणसाच्या वजनाचा तक्ता आमच्याकडे नव्हता. मी लेकरांच्या वाढीचा एक कोरा तक्ता घेतला. त्यात वर हिरवा पट्टा, मध्ये पिवळा आणि खाली लाल असतो. लेकरू लालमध्ये गेलं की धोका. मॅडमचं सगळंच उलटं, म्हणून मी तो तक्ता भिंतीवर उलटा चिकटवला. लाल वर गेलं, हिरवं खाली आलं. नावाच्या जागी नुसतं 'र' लिहिलं आणि टिंबं देत गेले. मला वाटलं, कोणाला काय कळणार!

पंधरा दिवसांत आमचे मोठे साहेब अचानक मुआयन्याला, म्हणजे तपासणीला आले. मॅडम त्यांच्या मागेच उभ्या. साहेब तेलुगू माणूस, मराठी समजायचं पण लिपी वाचता येत नव्हती. ते भिंतीवरचे तक्ते बघत बघत आले आणि नेमके उलट्या तक्त्यापाशी थांबले. हे लेकरू पहिल्यापासून लाल पट्टीत का, म्हणून त्यांनी विचारलं. मी मॅडमकडे बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

साहेबांचा आवाज चढला. इतकं गंभीर लेकरू आणि कोणालाच काळजी नाही, याला तुम्ही खाऊ घालता तरी काय?

गिरजाबाई पुढे झाल्या. "खाऊ घालनंच बंद केलं हाय सायब. तवापासून जरा फरक हाय."

* * *

डॉक्टरांनी मॅडमना आठवडाभर काय काय खाल्लं ते लिहायला सांगितलं होतं. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. सकाळी एक भाकर आणि अंडं, दुपारी अर्धी भाकर आणि डाळ, संध्याकाळी वाटीभर डाळ आणि भाजी. डॉक्टर फोनवर म्हणाले, एवढंच खात असाल तर वजन वाढतं कसं? मॅडमना ते लागलं. महिन्याच्या मिटिंगमध्ये रजिस्टरं बघून झाल्यावर त्या आम्हा पंचवीस जणींना म्हणाल्या, "बायांनो, तुम्हीच सांगा. मी काही खाते का?"

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. कुठं खाता मॅडम, काहीच नाही.

पलीकडच्या गावची शकुंतला टीचर मात्र स्पष्ट बोलणारी. ती म्हणाली, "माह्याकडे आल्या तं अर्धा कप च्या घेता. आन एखादं बिस्कुट."

"अर्धा कपच की."

"मी कुठं जास्त म्हणून राह्यली?"

मग दुसरी म्हणाली, माझ्याकडेही अर्धाच कप. तिसरी म्हणाली, मी तर मूठभर मुरमुरे देते फक्त. मॅडमनी खडू घेतला. मागच्या गुरुवारी त्या कुठं कुठं गेल्या होत्या ते एकेकीला विचारत फळ्यावर लिहीत गेल्या. सहा केंद्रं. चहा तीन कप, साखरेसकट. बिस्किटं नऊ. मुरमुरे दोन मुठी. एकीच्या घरी पाहुणे आले होते, तिथे अर्धी पुरणपोळी. एकीनं उन्हातून आल्या म्हणून गुळाचा खडा दिला होता. माझ्याकडच्या शेंगदाण्याच्या चिक्कीचं मी सांगणार नव्हते, पण शकुंतला माझ्याकडेच बघत होती.

आम्हाला प्रत्येकीला वाटत होतं, आपल्याकडे काय, जरासंच. मॅडमनाही प्रत्येक ठिकाणी तसंच वाटत होतं.

त्या फळ्यापासून चार पावलं मागे आल्या, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ही बाई कोण आहे?" त्या म्हणाल्या. "हिला आधी माझ्यासमोर उभी करा."

त्या दिवसापासून ठरलं की कोणत्याही केंद्रात मॅडमना काही द्यायचं नाही. आमच्या इकडे दारात आलेल्या माणसाला कोरडं पाठवणं किती जड जातं हे तुम्हाला सांगायला नको. शकुंतलानं तर त्यावरही तोड काढली. मॅडम आल्या की ती चहा करायची, त्यांच्यासमोर ठेवायची, पाच मिनिटं थांबायची आणि त्यांच्यादेखत स्वतः पिऊन टाकायची. त्या हिवाळ्यात शकुंतलाचं वजन चार किलो वाढलं.

* * *

डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं होतं. मॅडमनी ठरवलं, सकाळी बेल्याहून आमच्या गावापर्यंत चालत यायचं. पण सुपरवायझर मॅडम रस्त्यानं पायी चालली हे कोणाला बघवेना. शंभर पावलं झाली की एक मोटारसायकल थांबायची. गाडी बिघडली का मॅडम? बसा. नाही म्हटलं की माणसाचा चेहरा पडायचा, आपल्या गाडीवर बसायला यांना कमीपणा वाटतो की काय! मॅडमना ते सहन व्हायचं नाही, त्या बसायच्या. एकदा तर कापसाची बैलबंडी घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी उतरूनच हात जोडले. मॅडम कापसावर बसल्या. बंडी त्यांच्या चालण्यापेक्षा हळू चालली होती. आमच्या दारात उतरल्या तेव्हा घाम आला होता, पण बैलांना.

गिरजाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हातात टमरेल धरा."

आम्हाला कळेना.

"सकाळी सकाळी हातात टमरेल असलं की कोनी थांबते का? उलट मान फिरवून जाते."

आणि खरंच. दुसऱ्या दिवसापासून मॅडम प्लास्टिकचं हिरवं टमरेल घेऊन निघाल्या आणि रस्ता मोकळा झाला. मोटारसायकलवाले लांबूनच आकाशाकडे बघायचे. ओळखीचे तर वेग वाढवायचे. पंधरा दिवस मॅडम राणीसारख्या चालल्या. वजन एक्क्याण्णववर आलं, मग नव्वदवर. हुरूप वाढला म्हणून त्या आमच्या गावावरून पुढे, पार हद्दीपलीकडच्या महाराष्ट्रातल्या गावापर्यंत जायला लागल्या.

तिकडे त्या वेळी उघड्यावर बसणाऱ्यांना धरायला गुड मॉर्निंग पथक फिरायचं. एके दिवशी शिट्टी वाजली. चार माणसं आडवी आली. एकानं नमस्कार करून मॅडमच्या हातात गुलाबाचं फूल दिलं आणि नाव, गाव, नोकरी विचारली. मॅडम खोटं बोलणाऱ्या नाहीत. त्यांनी सांगितलं, अंगणवाडीची सुपरवायझर आहे.

पथकाचे पुढारी दुःखी झाले. "मॅडम, गावाला शिकवायचं तुम्ही, आणि तुम्हीच?"

मॅडम घाईघाईनं म्हणाल्या की तसं काही नाही, मी नुसती चालायला आले आहे, आणि पुरावा म्हणून त्यांनी टमरेल उलटं करून दाखवलं. एक थेंब पडला नाही.

चौघंही दोन पावलं मागे सरकले. पुढारी हळू आवाजात म्हणाले, "पाणीसुद्धा नेत नाही?"

* * *

डॉक्टरांनी प्रोटीनच्या पावडरीचा एक मोठा डबा दिला होता, त्यावर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र. घरी पुतणे चिडवतात म्हणून मॅडम तो आमच्या केंद्रात ठेवायच्या आणि सकाळी चालून आल्या की दुधात दोन चमचे घालून प्यायच्या. गिरजाबाईंना आता सगळे नियम पाठ झाले होते. आधी डाळ नाहीतर अंडं, भाकर नंतर. घास बारीक चावायचा. जेवताना पाणी नाही. मॅडमच्या हातात पाण्याचा पेला दिसला की त्या लेकराच्या हातून विळी काढावी तसा काढून घ्यायच्या.

पण ती पावडर मॅडमना जाईना. खडू कालवून प्यायल्यासारखी लागायची म्हणे. रोज तोंड वाकडं करून, डोळे मिटून प्यायच्या. मग एक दिवस प्यायल्या आणि हसल्या. म्हणाल्या, आता सवय झाली वाटतं, बरी लागते. पुढचे दोन आठवडे त्या आनंदानं प्यायल्या. एकदा तर पेल्याला बोट लावून चाटलेलं मी पाहिलं.

दोन आठवड्यांत वजन दीड किलो वर. मॅडम घाबरल्या, खाण्याची वही चार वेळा वाचली, चालणं वाढवलं. मला काही सुचेना. शेवटी मी डबा उघडून वास घेतला आणि तो वास ओळखीचा निघाला. आमच्या लेकरांना देतात ते गव्हाचं, चण्याचं, साखर घातलेलं पीठ!

गिरजाबाई घाबरल्या नाहीत. "डबा सरला होता. आन तुमी रोज तोंड वाकडं करत होत्या, मले पाहवत नव्हतं. म्हून म्या माह्या नातीच्या वाट्याचं पीठ त्यात टाकलं. दुसऱ्या लेकराचं चिमूटभर घेतलं नाई."

मॅडमना रागवायचं होतं, पण रागवता येईना. त्या फक्त म्हणाल्या की नातीच्या तोंडचं काढायला नको होतं.

"तिचं काय," गिरजाबाई म्हणाल्या. "ती दोन हप्ते बिनापिठाची राह्यली, तरी तिचं वजन तेवढंच हाय. पीठ कोनाले लागलं थे दिसूनच राह्यलं."

* * *

मग आमचा काटाच मोडला. दोन पोरांनी त्यावर एकदम उडी मारली आणि काटा पंचावन्नवर अडकून बसला. पुढे कोणीही उभं राहिलं तरी पंचावन्न. मॅडम एकदा उगीच त्यावर उभ्या राहून आल्या.

दुरुस्तीला दहा-बारा दिवस लागणार होते आणि हैदराबादला जायला महिना उरला होता. कापसाचा हंगाम चालू होता. गावात एका व्यापाऱ्यानं मोठा लोखंडी काटा मांडला होता. दुपारी गर्दी कमी असते म्हणून मी मॅडमना तिथं घेऊन गेले. मापारी होता किसन, आमच्याच अंगणवाडीत वाढलेला. त्यानं गोणपाटाचं चवाळं अंथरलं, मॅडम डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या. किसननं काटा साधला आणि आयुष्यभराच्या सवयीनं गावाला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारलं, "सत्त्याऐंशी!"

सत्त्याऐंशी म्हणजे पुरे पाच किलो कमी. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. मॅडम काट्यावरून उतरल्या त्या तरंगतच. तिथूनच त्यांनी हैदराबादला फोन लावला, मग घरी लावला. मला मिठी मारली. केंद्रात परतल्यावर गिरजाबाईंनी तर या वेळी विचारून टाळ्या वाजवल्या.

पुढच्या सोमवारी आमचा काटा दुरुस्त होऊन आला. मॅडम हसत हसत उभ्या राहिल्या. नव्वद.

मी उतरून परत उभं राहायला सांगितलं. नव्वदच. गिरजाबाईंनी काटा सरकवून दुसऱ्या फरशीवर ठेवला. तरी नव्वद. आम्ही तिघी तशाच किसनकडे गेलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर हाय नं मॅडम. नव्वदच भरल्या होत्या. त्यातून बारदान्याचा एक कापला, आन ओलीचे दोन."

"कसली ओल?"

"त्या दिवशी सकाळी धुई पडली होती," किसन म्हणाला. "बाई असो का कापूस, आमच्या काट्यावर ओल कापल्याबिगर आकडा निघत नाई."

येताना मी हसत होते. मॅडम हसत नव्हत्या, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

* * *

त्याच दिवशी दुपारी मॅडम दिसेनात. सामानाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत बघितलं तर तांदळाच्या पोत्यावर बसल्या होत्या, मांडीवर गुळाची लहानशी ढेप, अर्धी संपलेली. रडत नव्हत्या. नुसत्या खात होत्या, न थांबता, आणि समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

मी शेजारच्या पोत्यावर बसले.

त्या म्हणाल्या, "सुमन, पहिल्या वेळी मला वाटलं होतं, पोट कापलं म्हणजे भूकही कापली जाईल."

तेवढ्यात गिरजाबाई सूप घेऊन आत आल्या. त्यांनी एकदा मॅडमकडे बघितलं, एकदा गुळाकडे. ढेप उचलली, कागदात गुंडाळली, फळीवर ठेवली.

"खाल्लं तं खाल्लं. आता उठा," त्या म्हणाल्या. "तुमच्या बुडाखालचं पोतं पायजे मले. लेकरं जेवाची हायेत."

मॅडम उठल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टमरेल घेऊन त्या चालत आल्या, आणि खाण्याच्या वहीत त्यांनी 'गूळ, अर्धी ढेप' असं स्वच्छ लिहिलं होतं.

* * *

संक्रांत झाली. तिळगूळ त्यांनी सगळ्यांना वाटला, स्वतः एक दाणा घेतला. मॅडमच्या घरच्या सरांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, शाळेतून रजा मिळाली नाही, म्हणून हैदराबादला त्यांच्याबरोबर मी गेले. गाडीत त्या माझ्याशी दोन वाक्यं बोलल्या असतील. पिशवीत फाइल, खाण्याची वही आणि उकडलेली अंडी.

डॉक्टर उंच, सडपातळ, गोड बोलणारे. वजन केलं. साडेअठ्ठ्याऐंशी. म्हणजे साडेतीन कमी झालं होतं आणि दीड राहिलं होतं. डॉक्टरांनी रक्त द्यायला सांगितलं. म्हणाले, साखरेचा रिपोर्ट उद्या सकाळी येईल, तो बघून ऑपरेशनचं ठरवू. फाइलमध्ये त्यांनी ऑपरेशनच्या संमतीचा एक छापील कागद लावला. त्यावर मॅडमची सही घ्यायची जागा कोरी होती. मॅडम त्या जागेकडेच बघत राहिल्या.

मग डॉक्टर म्हणाले, आता माझ्या खोलीत नव्या पेशंटांची बैठक आहे, तुम्ही सात वर्षांच्या जुन्या आहात, त्यांना दोन शब्द सांगा. मॅडमना वाटलं, आपल्याला धडा म्हणून उभं करत आहेत. मलाही तसंच वाटलं. पण नाही कसं म्हणणार?

खोलीत दहा-बारा जण बसले होते. कोणाचं ऑपरेशन व्हायचं होतं, कोणाचं होऊन वर्ष झालं होतं. डॉक्टर टेबलामागे बसले. मॅडम उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडून शब्द निघेना. लोक खाली बघायला लागले. मी मनात म्हटलं, आता या रडतात.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक बाई दिलासा द्यावा तशी म्हणाली, "मैं तो कुछ खाती ही नहीं मॅडम, फिर भी बढ़ता।"

मॅडमनी मान वर केली. त्यानंतर त्यांचा जो आवाज निघाला, तो मला ओळखीचा होता. केंद्राच्या दारात उभ्या राहून त्या ज्या आवाजात बोलतात तो.

"थैला टेबल पे रखो. सब लोग."

कोणी का म्हणून विचारलं नाही. त्या आवाजाला आमच्याकडे कोणी विचारत नाही, तिथेही नाही विचारलं. पिशव्या टेबलावर आल्या. मॅडम एकेक उघडून आतलं बाहेर मांडत गेल्या. 'काहीच खात नाही' म्हणणाऱ्या बाईच्या पिशवीतून बिस्किटाचे दोन पुडे आणि चकलीसारखे मुरकुल निघाले. एका तरण्याबांड माणसाकडे थंड पेयाची बाटली होती, ती म्हणे पाण्यासाठी आणलेली. निर्मल गावच्या एका आजींकडे तांदळाच्या पिठाच्या, तळलेल्या सकिनालांचा डबा होता. त्या म्हणाल्या, हे माझे नाहीत, सुनेचे आहेत. सून गावाकडे होती. खोलीत हसणं सुरू झालं आणि थांबेचना. मॅडम मात्र हसत नव्हत्या, वहीत नोंद करत होत्या. नोंद झाली की वही पुढे करायच्या, आणि तो माणूस गुपचूप सही करायचा.

टेबल भरलं. सगळ्या पिशव्या झाल्या. मॅडम वळल्या आणि त्याच आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरसाब, आपका दराज़."

सगळ्यांच्या माना डॉक्टरांकडे वळल्या. उद्या ज्या माणसाच्या हातात निर्णय, त्यालाच ही बाई खण उघडायला सांगते! डॉक्टर हसले, नाही नाही म्हणाले, घड्याळाकडे बघितलं. मॅडम पेन हातात धरून उभ्याच. शेवटी डॉक्टरांनी खण उघडला.

आत मिठाईचे चार डबे होते. वरचा अर्धा संपलेला. डॉक्टर म्हणाले की पेशंट आणून देतात, वजन उतरलं की खुशीनं आणतात, नको म्हणता येत नाही.

मॅडमनी ते डबे मोजले. मग हळू म्हणाल्या, "बहात्तर हुआ था, तब मैं भी लाई थी. आपने कहा था, मैं मीठा नहीं खाता."

मॅडमनी वहीत लिहिलं, मिठाईचे डबे चार, एक अर्धा, आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली.

लॉजवर मॅडम माझ्याशी एकच वाक्य बोलल्या. "सुमन, मी काय करून बसले गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला, साखर काबूत होती. डॉक्टरांनी तो संमतीचा कागद फाइलमधून काढून फाडला, सहा महिन्यांनी या म्हणून लिहिलं, आणि आम्ही उठायच्या आत स्वतःहून टेबलाचा खण उघडून दाखवला. खण रिकामा होता.